कडेचं पान

सायकलवाली बाई अंगावरून निघून गेली तेव्हा हृषिकेशच्या हातातली कॉफी अर्धी कोटावर आणि अर्धी फुटपाथवर होती. तो पडला नाही, त्याला लागलंही नाही. पुढे जाऊन तिनं एक पाय टेकला, मान वळवली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हाबेन झी काइने ओरेन?" कान नाहीत का तुम्हाला? शिवी देतानासुद्धा बाईंनी अहो-जाहो सोडलं नव्हतं. चूक त्याचीच होती, तो सायकलींच्या लाल पट्ट्यावरून चालत होता. घंटी तिनं नक्की वाजवली असणार, घंटी न वाजवता माणूस उडवणारी बाई या शहरात नव्हती. पण घंटी डावीकडून आली होती, आणि डावीकडून आलेलं आताशा त्याच्यापर्यंत पोचत नसे. "एक आहे," असं उत्तर त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. ते त्यानं आजवर कुणालाच दिलं नव्हतं. तोपर्यंत बाई दिसेनाशी झाली होती, आणि तो रिकामा कप हातात धरून स्वतःशीच "तूत मिअर लाइड, तूत मिअर लाइड" अशी माफी मागत उभा होता.

ऑफिस कोपऱ्यावरच होतं. तिथं आपण नेमकं काय करतो, हे सांगलीच्या नातेवाइकांना समजावताना त्याची दरवेळी दमछाक होई. अमेरिकेत एक फुटबॉल आहे, जवळजवळ पाय न लावता खेळायचा. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यानं आडवं पाडायचं. कॉलेजातली पोरं तो खेळतात, आणि दरवर्षी एप्रिल संपता संपता तिथले बडे व्यावसायिक संघ त्यांतली हवी ती पोरं पाळीपाळीनं उचलतात. त्याआधी कोण किती पाण्यात आहे हे कुणीतरी बघून ठेवावं लागतं, आणि ते बघणाऱ्यांतले काहीजण, आता का ते विचारू नका, कोलोनमध्ये बसतात. "म्हणजे तू मुलं बघतोस," कुंदामावशी म्हणाली होती. "वधूवर सूचक मंडळच की रे हे. उंची, वजन, खोड काही आहे का." सगळे खो खो हसले होते. हसण्यासारखं होतंच. पण मावशीनं एका वाक्यात जे सांगितलं त्यापेक्षा जास्त काही त्या कामात नव्हतं, हे हृषिकेशला तेव्हाच कळलं होतं. तो आला होता सॉफ्टवेअरवाला म्हणून. सामन्यांच्या फिल्मचे तुकडे पाडून देणारा प्रोग्राम त्यानं लिहिला, मग ते तुकडे तपासता तपासता तो जे सहज बोलून जाई ते उवेनं, म्हणजे त्याच्या साहेबानं, ऐकलं आणि त्याला कायमचा या खुर्चीत बसवला. हे पोरगं खांदा दुखतोय ते लपवतंय. हे पोरगं मार खायच्या आधीच डोळे मिटतं. हृषिकेशनं जन्मात तो चेंडू हातात धरला नव्हता, पण माणूस काय लपवतो हे त्याला दिसे. का दिसे, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नाही.

त्याला काम आवडायचं त्याचं खरं कारण वेगळंच होतं. ही फिल्म मुकी असते. मैदानाच्या उंच टोकावरून, सगळे खेळाडू दिसतील अशी घेतलेली, तिच्यात ना प्रेक्षकांचा गलका, ना बोलणारा निवेदक. हजारो माणसं तोंडं उघडून ओरडताना दिसतात आणि ऐकू काहीच येत नाही. ऑफिसात सगळे त्या शांततेला कंटाळत, कानात गाणी लावून बसत. हृषिकेश तिच्यात हातपाय पसरून बसे. इथं कुणी डावीकडून बोलत नव्हतं. दिवसातले हे तासच असे होते जेव्हा तो इतरांइतकाच ऐकत होता.

या आठवड्यात समोर होता बहात्तर नंबर. मूल्यमापन संपेपर्यंत नाव बघायचं नाही, फक्त पाठीवरचा आकडा, असा उवेचा दंडक होता, नावानं मत कलतं म्हणून. बहात्तर हा उजव्या टोकाचा टॅकल. म्हणजे आपला चेंडू फेकणारा मागे उभा असतो, त्याच्यावर धावून येणाऱ्याला छातीनं अडवणाऱ्या पाच धिप्पाड गड्यांच्या भिंतीतला सगळ्यात उजवीकडचा. देवानं दोन माणसांचं सामान एकात भरलेलं, आणि पावलं मात्र नाचणाऱ्याची. अशा पोराला पहिल्या दिवशीच उचलायला हवं. पण अमेरिकेतल्या बघणाऱ्यांनी त्याच्यावर एक शेरा मारून ठेवला होता आणि तो एकाचा बघून दुसऱ्यानं, दुसऱ्याचा बघून तिसऱ्यानं उतरवला होता: घरच्या मैदानावर डाव सुरू होताना उशिरा सुटतो, लक्ष नसतं, गर्विष्ठ वाटतो. परक्या मैदानावर उत्तम. "हे कोडं सोडव," उवे सकाळी म्हणाला होता. "संध्याकाळपर्यंत शेवटचा रिपोर्ट हवा. आळशी असेल तर आळशी लिही. पण मला कारण पाहिजे." हे तो हृषिकेशच्या उजव्या बाजूला टेबलावर बसून बोलला होता. हृषिकेशनं आपलं टेबल पहिल्याच महिन्यात डाव्या भिंतीला चिकटवून घेतलं होतं, खिडकीतून ऊन येतं असं सांगून. त्या खिडकीतून ऊन कधीच येत नसे.

कोटावरचा डाग तसाच ठेवून त्यानं फिल्म सुरू केली. घरचं मैदान, मग परकं, पुन्हा घरचं. दोन डावांमध्ये खेळाडू डोकी एकत्र करून गोल उभे राहतात, पुढची चाल ठरवतात. तो भाग कुणी बघत नाही, खेळ थांबलेला असतो. हृषिकेशही बघत नव्हता, नुसता पडद्याकडे डोळे लावून होता, आणि त्या बाईचा प्रश्न डोक्यात घोळत होता. मग त्याला दिसलं की बहात्तर त्या गोलात आला, दोघांच्या मधे जागा असताना तिथं शिरला नाही, वळसा घालून पलीकडे गेला आणि बोलणारा आपल्या उजव्या हाताला येईल असा उभा राहिला. पुढच्या डावानंतर पुन्हा तसाच. एकदा दुसरा कुणी त्या जागी आधीच उभा होता, तर या एवढ्या पर्वतानं त्याला लाडीगोडीनं खांद्याला धरून सरकवलं. हे सरकवणं हृषिकेशनं पाहिलेलं होतं. हे अप्पांचं होतं.

सांगलीतलं कुठलंही लग्न असो, पंगत बसायची वेळ आली की त्याचे वडील, अप्पा म्हणजे दिनकरराव, एरवी चार पावलं मागे राहणारे, सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये शिरत आणि पंगतीच्या डाव्या टोकाचं पान धरत. तिथं कुणी बसलं असेल तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसत, "जरा सरकता का, मला कडेचं पान लागतं." का लागतं ते कधी सांगितलं नाही. "अप्पांना वाढपी आधी दिसायला हवा," म्हणून पोरं चिडवत. कडेला बसून अप्पा जेवत, आणि उजवीकडच्या माणसाशी हसूनखेळून बोलत. मागून किंवा डावीकडून कुणी हाक मारली तर ढिम्म. जावई हाक मारतोय आणि हे मठ्ठ्याचा भुरका मारतायत. गर्विष्ठ, असं लोक म्हणत. मास्तरकीची घमेंड आहे, असंही म्हणत. घरात काही विचारलं, शोभनाताईंनी म्हणजे आईनं, काकांनी, कुणीही, तर अप्पांचं एकच उत्तर ठरलेलं असे: "तुम्हाला योग्य वाटेल तसं." भाजी कुठली, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, जमीन विकायची का, सगळ्याला तेच. कुठल्याही प्रश्नाला चालणारं उत्तर. प्रश्न ऐकलाच पाहिजे असं त्याला बंधन नव्हतं. अप्पा गेल्यावर, दिवस झाल्यानंतर, आई एकदा लसूण सोलता सोलता म्हणाली, "डावा कान गेलेला होता त्यांचा, लग्नाच्या आधीपासून. मुलगी बघायला आले तेव्हा सांगितलं असतं तर माझ्या वडिलांनी दिलीच नसती मला. म्हणून लपवलं, आणि मग लपवतच राहिले." तिला कधी कळलं, असं हृषिकेशनं विचारलं. "लग्नाच्या पहिल्याच महिन्यात. पण त्यांनी सांगितलं नाही, मग मी कशाला बोलू? मी आपली उजवीकडून बोलायची." लसूण संपला तशी ती उठून गेली. बिचारीनं सगळा संसार नवऱ्याच्या उजव्या बाजूनं केला होता.

अप्पांचा कान त्याच्याकडे आला तो त्याची मुलगी इरा नुकती बोलायला लागली होती तेव्हा. आधी फोन, मग बायकोची कूस बदलल्यानंतरची वाक्यं, मग डावीकडचं सगळंच. कानाच्या डॉक्टरची टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, त्यानं घेतली, आणि वेळ जवळ आल्यावर रद्द केली. पुन्हा घेतली, पुन्हा रद्द केली. आंधळ्याला कुणी हसत नाही. बहिरा म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग मोठ्यानं बोलायला लागतात. आपण अप्पांसारखं वागायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, आणि ठरवता ठरवताच त्याच्या तोंडात ते उत्तर येऊन बसलं होतं, फक्त जरा नव्या पद्धतीचं. "तुला वाटेल तसं." स्वरूपाला, त्याच्या बायकोला, सुरुवातीला ते आवडलं होतं. पुण्यातल्या तिच्या मैत्रिणींचे नवरे पडद्याच्या रंगावरून वाद घालत. हा म्हणे, तुला वाटेल तसं. पुढे पुढे ती चिडायला लागली. "माझं ऐकतोस तरी का तू?" ती विचारायची, आणि तेव्हा ती समोर असल्यामुळे ते त्याला स्वच्छ ऐकू यायचं. नाही, असं म्हणायची ती जागा होती. तो म्हणायचा, "ऐकतो की."

मग तिला दूर पूर्वेकडे, येना शहरात, भिंगांच्या एका प्रयोगशाळेत काम मिळालं. आधी ती एकटी, शनिवार-रविवारी ये-जा. मग इराची शाळा तिकडे. मग शनिवार-रविवार विरळ झाले, दोघांत भांडण असं एकही न होता. गेल्या शरदात त्या दोघी येऊन परत निघाल्या तेव्हा तो स्टेशनवर पोचवायला गेला. उजव्या हातात तिची बॅग होती, म्हणून ती डावीकडे आली. फलाटावर गाडी शिरत होती, पुलावरून दुसरी धडधडत निघाली होती. तिनं काहीतरी विचारलं. त्यानं तिच्या ओठांची हालचाल थांबलेली पाहिली, तिचे डोळे त्याच्या तोंडाकडे लागलेले पाहिले. पुन्हा बोल, एवढंच म्हणायचं होतं. तो हसला आणि म्हणाला, "तुला वाटेल तसं." तिनं मान हलवली, बॅग घेतली आणि ती गाडीत चढली. त्यानंतर ती फारसं काही विचारत नसे. फोनवर सांगत असे. नव्या वर्षात तिनं कायमची नोकरी घेतली, मोठं घर घेतलं. येत्या रविवारी त्या दोघी इराची खाट न्यायला येणार होत्या. त्या दिवशी ती काय म्हणाली होती, हे हृषिकेशला अजून माहीत नव्हतं, आणि इतके महिने झाल्यावर ते विचारायचं म्हणजे बाकीचंही सांगणं आलं.

त्यानं फिल्म मागे घेतली. आता कोडं राहिलंच नव्हतं. घरच्या मैदानावर आपला फेकणारा ओरडून इशारा देतो, आणि तो ऐकू यावा म्हणून घरचे प्रेक्षक गप्प बसतात. बाकीचे चौघे त्या आवाजावर सुटतात. बहात्तरच्या तो डावीकडून येतो. बहात्तर शेजाऱ्याला सुटताना बघतो आणि मग सुटतो, पापणी लवण्याइतका उशिरा. परक्या मैदानावर तिथले प्रेक्षक मुद्दाम एवढा गोंगाट करतात की कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळेच चेंडूकडे बघून सुटतात. तिथं हा सगळ्यांत पुढे. त्या ओरडणाऱ्या, मुक्या गर्दीकडे बघताना हृषिकेशला त्या पोराबद्दल इतकी माया वाटली की त्यानं चष्मा काढून ठेवला. जिथं सगळेच बहिरे झालेत तिथंच फक्त बिचारा मोकळा होतो. आणि लोक म्हणतात, घरी लक्ष नसतं.

हे लिहिलं की झालं. उवे खूश होईल, अमेरिकेत वाहवा होईल, आणि कुठलाही संघ कान गेलेल्या टॅकलला पहिल्या दिवशी काय, शेवटच्या दिवशीही उचलणार नाही. न लिहावं तर आळशी आणि गर्विष्ठ हे शेरे कायम. मुलगी बघायला आलेल्या अप्पांना कुणी ओळखलं असतं आणि आईच्या वडिलांच्या कानात सांगितलं असतं, तर आपण नसतो, असा एक वेडगळ विचार त्याच्या मनात येऊन गेला. त्यानं मोसमाच्या शेवटचे सामने लावले, उगाच, वेळ काढायला. घरचंच मैदान. आणि बहात्तरला उशीर होत नव्हता. एकदाही नाही. त्यानं चित्र मोठं केलं. डावीकडचा शेजारी, पासष्ट नंबर, वाकून बसताना आपला उजवा बूट बहात्तरच्या डाव्या बुटाला हळूच टेकवत होता. बूट सुटला की बहात्तर सुटत होता, एका अंगाचे दोन पाय असावेत तसे. डाव संपला. पासष्टला काही सांगायचं होतं. त्यानं आधी दोन बोटं बहात्तरच्या कोपरावर टेकवली, बहात्तरनं मान वळवली, मग पासष्ट बोलला. कोडं उलगडून अर्धा दिवस झाला होता, पण हृषिकेश खुर्चीत ताठ बसला तो आत्ता. या पोरानं कुणालातरी सांगितलं होतं.

दोन बोटं. इरा लहान असताना बोलायच्या आधी त्याच्या डाव्या कोपरावर टकटक करायची. दरवेळी. नुसती टकटक, मग तो वळून बघेपर्यंत थांबायची, मग बोलायची. "टोचू नकोस गं सारखी," म्हणून त्यानं तिला कितीदा झिडकारलं होतं. ती टोचतच राहिली. आईशी बोलताना ती टकटक करत नसे, हे तो आज पहिल्यांदा आठवत होता. सगळ्या पोरांची खोड बारकाईनं बघणाऱ्या माणसाला घरातली एवढी एक गोष्ट दिसली नव्हती.

रिपोर्टात त्यानं लिहिलं: सुरुवात आवाजावर करत नाही, नजरेवर आणि स्पर्शावर करतो. मोसमाच्या अखेरीस शेजाऱ्याशी जोडी जमल्यावर उशीर पूर्णपणे गेला. आळशी नाही, गर्विष्ठ तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी घ्यावा, आणि शक्य असल्यास शेजारी पासष्टलाही. उवेनं ते उभ्यानं वाचलं. "आल्झो, बरं, पण नजरेवर का? आवाजावर का नाही?"

"फिल्ममध्ये आवाज नसतो, उवे. दिसलं ते लिहिलं."

"तुला कारण माहीत आहे."

"ते त्याला विचारा," हृषिकेश म्हणाला. "नीट समोर बसून विचारलं तर तो सांगेल. ते त्यानं सांगायचं आहे, मी नाही." उवे "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणाला आणि कोटावरचा डाग दाखवून निघून गेला.

घरी पोचला तेव्हा अजून लख्ख ऊन होतं. इराच्या खोलीतल्या खाटेवर गादीची चादर काढून ठेवलेली होती, त्यावर तो बसला आणि त्यानं येनाला फोन लावला. इरानंच उचलला. मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र जर्मनमध्ये येई.

"इरा, तू लहानपणी मला बोटं का लावायचीस गं, बोलायच्या आधी?"

"ना जा, वाइल दू लिंक्स निख्ट्स हुअर्स्ट," ती म्हणाली. डावीकडचं तुला ऐकू येत नाही म्हणून. आज बुधवार आहे, असं सांगावं तितक्या सहज.

"आईला कधी बोलली नाहीस?"

"नाइन." नाही. मग तिनं मोडक्या मराठीत सांगितलं, "मला वाटलं ते आपलं सीक्रेट आहे. तुझं आणि माझं."

"आईला दे," तो कसाबसा म्हणाला. स्वरूपा आली. मागे कुकरची शिट्टी झाली, ती त्याला ऐकू आली. पाठ केलेलं सगळं विसरून तो म्हणाला, "स्वरूपा, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. अप्पांसारखं."

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. "काय?"

"स्टेशनवर त्या दिवशी तू काहीतरी विचारलंस. गाडी येत होती. तू डावीकडे होतीस. मला ऐकू आलं नव्हतं. काय विचारलंस?"

"हृषी, आता काय करायचंय ते?"

"सांग."

ती खूप हळू बोलली, पण उजव्या कानात प्रत्येक शब्द आला. "विचारलं होतं, येनातलं सगळं सोडून तुझ्याकडे परत येऊ का. तू म्हणालास, तुला वाटेल तसं." तिनं श्वास घेतला. "मग मला वाटलं तसं केलं मी."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. हृषिकेश खाटेच्या कडेला बसून होता. रडू येतंय हे त्याला कळत होतं आणि ते फोनमधून ऐकू जाऊ नये म्हणून तो तोंड मिटून बसला होता. मग त्यानं तेही सोडून दिलं.

"रविवारी टेम्पो सांगितलाय," स्वरूपा म्हणाली. तिचाही आवाज आता सरळ नव्हता. "इराची खाट न्यायला. नेऊ ना?"

वर्षानुवर्षांच्या सवयीनं ते उत्तर जिभेवर येऊन उभं राहिलं. त्यानं ते गिळलं.

"ऐकू आलं का मी काय विचारलं?"

"आलं," तो म्हणाला. "नको नेऊस."

त्यानं फोन उजव्या कानाशी आणखी घट्ट धरला आणि तो तिच्या उत्तरासाठी थांबून राहिला.